निर्बंध, रुग्णशय्या आणि लोकमानस

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला जो पहिला आदेश देतात, तो औषधयोजनेचा नसून औषधसंग्रहाचा आहे. पांचाल देशाची राजधानी काम्पिल्य, गंगेचा तीर आणि ग्रीष्म ऋतूचा अखेरचा महिना. साथ अद्याप आलेली नाही, परंतु तिची चिन्हे दिसू लागली आहेत. अशा वेळी आत्रेय सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी आणि वनस्पतींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव क्षीण होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावा. तो नीट झाला असेल तर पुढील चिकित्सा फारशी अवघड जात नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील हा तिसरा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी अभ्यासला. कोविड-१९ च्या साथीत तो आपल्या दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

२४ मार्च २०२० च्या रात्री एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील उरलेसुरले निर्बंध उठले. या दोन तारखांच्या दरम्यान जो तो एकच प्रश्न विचारत होता : निर्बंध हवेत की नकोत? प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच अपुरा होता. निर्बंध म्हणजे समाजाकडून उसना घेतलेला वेळ होय. त्या वेळात रुग्णशय्या उभ्या राहत आहेत, हे लोकांना दिसले तर लोक निर्बंध सोसतात. ते दिसले नाही, तर त्याच निर्बंधांना ते जाच म्हणतात. लोकमत निर्बंधांच्या विरोधात क्वचितच असते. ते हिशेब मागत असते, आणि हा हिशेब प्रथम विचारला जातो तो तुमच्या-आमच्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात.

ग्रंथिक सन्निपाताचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, रुग्ण ओळखले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. यामागे केवळ अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लोक रुग्णालयात जाण्यास भीत, म्हणून अगदी शेवटच्या अवस्थेत जात. शेवटच्या अवस्थेत गेल्यामुळे बहुतेक दगावत, आणि ते दगावतात हे पाहून उरलेले अधिकच भीत. हे दुष्टचक्र कोणत्याही आदेशाने तुटणारे नव्हते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. मूळचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा. शासनाने काय बंद करावे, कोणाची तपासणी करावी, आदेश मोडणाऱ्यास काय शिक्षा द्यावी आणि अधिकाऱ्यांना कोणते संरक्षण असावे, हे सर्व त्यात आहे. नागरिकाला रुग्णशय्या देण्याचे बंधन मात्र त्यात कोठेही नाही. याच कायद्याच्या आधारे पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखाली गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या झाल्या. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या गणेशखिंड रस्त्यावरील गोळीबारात झाली, हे सर्वश्रुत आहे.

मात्र त्या वर्षीच्या आणखी दोन गोष्टींचे स्मरण ठेवावयास हवे. लोकमान्य टिळकांनी घरझडत्यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली, परंतु रोग्याला वेगळे ठेवण्यास त्यांचा विरोध नव्हता. ते पुण्यातच राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या लेकीची. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या पुण्यानजीकच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. टीका करणाऱ्याने रुग्णालय काढले आणि शुश्रूषा करणारीने प्राण दिले. निर्बंधांविषयी बोलण्याचा अधिकार या दोघांनीही रुग्णशय्येजवळ उभे राहून मिळवला होता.

मुंबईतही, निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालये चालविण्याची मुभा मिळाल्यावर रोग्याला घराबाहेर नेण्याचा विरोध पुष्कळसा निवळला. रोग तोच होता, अलगीकरणही तेच होते. फरक इतकाच की, खाटेजवळ ओळखीचा माणूस होता.

कृष्णाकाठच्या खेड्यांनी आपला मार्ग स्वतःच शोधला. उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर झोपड्यांत जाई. सुश्रुताचार्यांनी मरकाच्या प्रसंगी सांगितलेल्या उपायांत स्थानपरित्यागाचा उल्लेख आहे, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु आपण होऊन पत्करलेला निर्बंध माणूस किती काटेकोरपणे पाळतो, याचे ते उदाहरण होय.

मानमोडी : निर्बंधही नाहीत, खाटाही नाहीत

१८९७ च्या प्रक्षोभाने सरकार सावध झाले. त्यानंतर १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणत. त्या वेळी प्लेगच्या धर्तीवरची सक्ती झाली नाही, परंतु रुग्णशय्याही वाढल्या नाहीत. महायुद्धामुळे डॉक्टर आणि परिचारिका कमी होत्या, पाऊस ओढल्याने धान्य महागले होते. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. खाटा आणि औषधे देण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवी मंडळींनी आणि ज्ञातिसंस्थांनी केले.

निर्बंध सैल ठेवले म्हणजे लोक सुखी होतात, असे जे मानतात, त्यांनी १९१८ सालाकडे पाहावे. निर्बंध हवेत म्हणून रुग्णालय नको, असे होत नाही, आणि निर्बंध नकोत म्हणून रोग थांबतो, असेही होत नाही.

रहिमतपूरच्या परिसरातील लोकमत

आमचे रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतून ऊस, आले, हळद, घेवडा पिकविणारे शेतकरी येथे येतात. रुग्ण गंभीर झाला की कोरेगाव, सातारा किंवा कराडचा रस्ता धरावा लागतो. साथीच्या दोन वर्षांत येथे कानावर आलेल्या मतांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिले मत पोटाचे. दुकानदार, हातगाडीवाला, रोजंदारीवरील मजूर यांचे म्हणणे एकच : रोगाने मरेन की नाही ते ठाऊक नाही, परंतु दुकान बंद राहिले तर हप्ता थकणार हे नक्की. एप्रिल २०२१ मध्ये खासदार उदयनराजे भोसले यांनी टाळेबंदीच्या विरोधात साताऱ्यात ‘भीक मांगो’ आंदोलन केले, तेव्हा त्याला जो प्रतिसाद मिळाला, तो याच मताचा होता.

दुसरे मत भीतीचे. नियमित पगार असणारे आणि घरात वृद्ध माणसे असणारे अधिक कडक बंदी मागत. मे २०२० मध्ये मुंबई-नवी मुंबईतून माथाडी कामगार व चाकरमानी गावी परतू लागले, तेव्हा गावाच्या वेशीवर लाकडे आडवी टाकणारे हेच होते. ज्यांच्या पैशावर गावची घरे उभी राहिली, त्यांनाच शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढावे लागले, ही गोष्ट अनेक घरांत अजून विसरली गेलेली नाही.

तिसरे मत संशयाचे. प्रत्येक रुग्णामागे दीड लाख रुपये मिळतात म्हणून धडधाकट माणसाला बाधित ठरवतात, ही अफवा २०२० मध्ये गावोगाव पसरली होती. हीच मंडळी एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूची खाट कोठे मिळेल, म्हणून रात्री-अपरात्री दूरध्वनी करीत होती. त्यांनी मत बदलले असे म्हणता येत नाही. आधी त्यांना रुग्णालय दिसत नव्हते, म्हणून संशय होता. नंतर त्यांना रुग्णालय हवे होते, आणि ते भरलेले होते.

या तिन्ही मतांचा निदानपंचकाच्या दृष्टीने विचार केला तर हेतू एकच आढळतो. माझ्यावर वेळ आली तर माझ्यासाठी खाट आहे काय, या प्रश्नाला कोणी खरे उत्तर देत नव्हते.

खाटेचे चार पाय

रुग्णालयाची क्षमता खाटांच्या संख्येने मोजण्याची प्रथा आहे. आपल्या शास्त्राची मोजणी याहून सूक्ष्म आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चतुष्पाद होत, आणि प्रत्येकाचे चार असे सोळा गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहेत. खाटेलाही पाय चारच असतात, आणि एक आखूड पडला तरी ती डुगडुगते.

२०२० मध्ये शासनाने खाटा पुष्कळ उभ्या केल्या. सौम्य लक्षणांसाठी कोविड काळजी केंद्र, मध्यम लक्षणांसाठी समर्पित आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित रुग्णालय अशी त्रिस्तरीय रचना झाली. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर दरनियंत्रण आले. साध्या विलगीकरण कक्षाचे ४,०००, अतिदक्षता विभागाचे ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये प्रतिदिन असे दर ठरले. मुंबई, पुणे आणि पुढे साताऱ्यातही जम्बो रुग्णालये झाली. भिंती आणि गाद्या तयार झाल्या, परंतु उपस्थाता, म्हणजे प्रशिक्षित परिचारक, रातोरात तयार होत नाही. या ठिकाणी आपल्या बी.ए.एम.एस. पदवीधरांनी केलेले काम आवर्जून नमूद करावयास हवे. ग्रामीण भागातील कित्येक काळजी केंद्रांतील दैनंदिन तपासणीचा भार आयुष वैद्यकांनीच वाहिला.

२०२१ मध्ये द्रव्याचा पाय आखूड पडला. राज्यातील प्राणवायूची उत्पादनक्षमता दररोज सुमारे १,२०० टन आणि एप्रिलमधील मागणी तिच्या पुढे गेलेली. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ विशाखापट्टणमला गेली. खाट होती, वैद्य होता, परंतु प्राणवायू वाटेवर होता.

याच काळात नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याने वेगळा अनुभव दिला. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्येच, हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभारला आणि दुसरी लाट शिगेला पोहोचण्यापूर्वी आणखी दोन प्रकल्प सुरू केले. भूमी विरस होण्यापूर्वी संग्रह करा, या आत्रेयवचनाचे याहून नेमके आधुनिक उदाहरण सापडणे कठीण.

भीतीने ज्ञापकत्व नष्ट होते

चौथा पाय स्वतः रोग्याचा. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे रोग्याचे चार गुण. लक्षणे आठवणे, सांगितलेले पाळणे, न भिणे आणि आपला त्रास मोकळेपणाने सांगणे. या चौघांचा परस्परसंबंध साथीच्या काळात लख्ख दिसला. शासनाला निर्देशकारित्व हवे होते, परंतु ते मिळविण्यासाठी पुष्कळदा भीतीचा वापर झाला. अभीरुत्व गेले की ज्ञापकत्वही जाते. रोगी ताप सांगेनासा होतो.

आमच्या परिसरातील एका शेतकऱ्याने सहा दिवस ताप लपविला. कारण विचारले तेव्हा त्याने रोगाचे नावही काढले नाही. “मला उचलून नेले तर म्हशीची धार कोण काढणार?” एवढाच त्याचा प्रश्न होता. शेजाऱ्यांनी म्हशींची जबाबदारी घेतली, आणि तो त्याच संध्याकाळी तपासणीस गेला. २५ मे २०२१ रोजी राज्य शासनाने सातारा, सांगली व कोल्हापूरसह अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच प्रश्न घरोघरी उभा राहिला. एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे गृहविलगीकरण नाममात्रच असते, म्हणून निर्णयामागील वैद्यकीय कारण रास्त होते. मात्र ज्या गावांनी शाळेत कक्ष उघडताना जेवणाचा डबा, जनावरांचा चारा आणि घरच्या वृद्धांची देखभाल यांची वाटणी आधी केली, तेथे लोक आपण होऊन आले. जेथे नुसती यादी घेऊन गाडी आली, तेथे दारे बंद झाली.

याचा रुग्णशय्येशी असलेला संबंध साध्या गणिताने कळतो. तीस खाटांच्या केंद्रात प्रत्येक रुग्ण सरासरी दहा दिवस राहत असेल, तर रोज तीन नवे रुग्ण घेता येतात. रुग्ण उशिरा आल्यामुळे हा मुक्काम पंधरा दिवसांचा झाला, तर रोज दोनच घेता येतात. एकही खाट मोडली नाही, तरी क्षमता एक-तृतीयांशाने घटली. म्हणजेच भीती ही प्रत्यक्ष खाटा खाते.

निर्बंधांना खाटेशी जोडणारा आदेश

४ जून २०२१ चा राज्य शासनाचा आदेश या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले आणि त्यासाठी दोन निकष ठरविले : तपासण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि व्यापलेल्या प्राणवायू-खाटांचे प्रमाण. बाधित ५ टक्क्यांहून कमी व खाटा २५ टक्क्यांहून कमी व्यापलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ पूर्ण मोकळीक. बाधित २० टक्क्यांहून अधिक किंवा खाटा ७५ टक्क्यांहून अधिक व्यापलेल्या असतील तर पाचवा स्तर. दर गुरुवारी आकडे जाहीर व्हावयाचे आणि सोमवारपासून स्तर लागू व्हावयाचा. दुकानाचे शटर आणि रुग्णालयाची खाट यांचे नाते प्रथमच सर्वांना वाचता येईल अशा आकड्यांत मांडले गेले. त्या दिवसांत आमच्याकडील व्यापारी गुरुवारच्या आकड्यांची वाट पाहू लागले होते. बंदी किती दिवस, याऐवजी खाटा किती भरल्या, असे ते विचारीत. लोकमत शहाणे होण्याचे हे चिन्ह होते.

दुर्दैवाने २५ जूनला उत्परिवर्तित विषाणूच्या धोक्यामुळे आकडे काहीही असले तरी सर्व जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले, आणि ऑगस्टच्या आरंभी इतरत्र सवलती मिळाल्या तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूरसह अकरा जिल्हे मागे राहिले. वैद्यकीय दृष्ट्या या निर्णयांचे समर्थन करता येईल. आमच्याकडे रुग्णसंख्या खरोखरच रेंगाळली होती. परंतु आकड्यांचा धागा एकदा सुटला की पुन्हा हातात येत नाही. गुरुवारची वाट पाहणारे पुन्हा ‘हे असेच चालायचे’ म्हणू लागले.

आपल्या वाट्याचे काम

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आत्रेयांनी प्रज्ञापराधातून उपजणाऱ्या अधर्मात सांगितले, आणि त्याची सुरुवात देश-नगरांच्या प्रमुखांपासून होते, असेही स्पष्टपणे म्हटले. राज्यकर्त्यांकडे बोट दाखविण्याची ही मुभा शास्त्राने दिली आहे. तथापि दवाखान्यात बसणारा वैद्य आणि औषधविक्रेता हेही आपापल्या गावाचे प्रमुखच असतात. म्हणून चार सूचना वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवतो.

पहिली सूचना संग्रहाची. प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी वर्षातून एकदा चतुष्पादाची यादी करावी. साथ आल्यास सेवा देऊ शकणारे वैद्यक किती, प्रशिक्षित परिचारक किती, प्राणवायूची सोय कोठे, कक्षासाठी कोणती शाळा किंवा मंगल कार्यालय. ही यादी नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी.

दुसरी सूचना नोंदीची. साथीची पहिली चाहूल औषधाच्या दुकानात लागते. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणा व आंध्र प्रदेशात तापाची औषधे घेणाऱ्यांची नावे-पत्ते नोंदविण्याचे आदेश निघाले होते. नाव लिहिले जाते म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरा रस्ता शोधते. त्याऐवजी नावाशिवाय, केवळ आठवड्याची संख्या आरोग्य केंद्रास कळविली, तरी चाहूल मिळते आणि ज्ञापकत्वही टिकते.

तिसरी सूचना संयमाची. काढा, च्यवनप्राश, गुळवेल यांना २०२० मध्ये अभूतपूर्व मागणी आली. व्याधिक्षमत्वाचा विचार हे आपले सामर्थ्य आहे, परंतु दुकानावर ‘कोरोनापासून हमखास संरक्षण’ असा फलक लावणे हे शास्त्र नव्हे. असा फलक वाचून ज्याने मुखपट्टी काढली आणि तपासणी टाळली, तो शेवटी कोणाची तरी खाट अडवतो. बृंहणाचा काल वेगळा आणि रुग्णास तातडीने पुढे पाठविण्याचा काल वेगळा. हा विवेक आपण गमावला, तर आपल्या शास्त्रावरील विश्वासही त्यासोबत जाईल.

चौथी सूचना खऱ्या आकड्यांची. पुढील साथीत निर्बंध लागतील तेव्हा आपल्या संघटनेने शासनाकडे एकच मागणी लावून धरावी : तालुक्यातील खाटा किती, व्यापलेल्या किती, प्राणवायू किती दिवसांचा, हे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिले जावे. आकडा वाईट असला तरी तो लिहिला जावा. रोग्याला असाध्यता सांगतानाही वैद्य खोटे बोलत नाही, तो फक्त शब्द निवडतो. समाजालाही तीच वागणूक मिळावयास हवी.

१८९७ चा तो कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. त्या वर्षी त्यात सुधारणा झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा देणारी. ती आवश्यकच होती, आणि आपल्यालाही तिचा आधार वाटला. परंतु रुग्णालयावर चालून येणारा जमाव शिक्षेच्या भयाने थांबतो, त्यापेक्षा आपल्या माणसाला आत खाट मिळाली आहे, या खात्रीने अधिक लवकर थांबतो. ही खात्री साथ आल्यावर निर्माण करता येत नाही. औषधींप्रमाणे तिचाही संग्रह आधीच, भूमी सरस असतानाच, करून ठेवावा लागतो.